पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते

एप्रिल अर्धा सरला की मराठवाड्यातल्या बंगल्यांच्या कॉलन्यांत दरवर्षी तेच दिसतं. दारापुढची लॉन पिवळी पडते, घरातली माणसं कासावीस होतात आणि संध्याकाळी नळी सुरू होते. नळाला तर चार-आठ दिवसांनी पाणी, त्यामुळे हे पाणी बोअरचं किंवा टँकरचं. गवत जळालं, आता गेलं, अशी भीती त्यामागे असते. ती बहुतेक वेळा खोटी ठरते.

एक खुरपं घ्या. सगळ्यात पिवळ्या जागी चार बोटं माती उकरा. सुतळीएवढ्या जाडीच्या, गाठीगाठींच्या काशा हाताला लागतील. एखादी नखाने खरवडून बघा. आत पांढरट, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी होऊन काडीसारखी मोडली तरच मेली म्हणायची. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. उन्हाळी नांगरट करून, काशा वेचून बांधावर टाकल्या तरी मृगाच्या सरीबरोबर शेतात पुन्हा डोकं काढते ती हीच हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही हीच, आणि नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळणारी लॉनही हिचीच निवडक जात. पाणी तुटलं की ती पानं वाळू देते आणि जीव काशांत राखून ठेवते. हा तिचा आजार नाही, उन्हाळा काढायची तिची रीत आहे.

आता हिशोब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस फुटांची लॉन साधारण ४६ चौरस मीटर भरते. मे महिन्यात ती हिरवीगार ठेवायची तर आठवड्याला ३५ ते ४० मिलिमीटर, म्हणजे १,६०० ते १,८०० लिटर पाणी लागेल. नुसत्या काशा जगवायच्या असतील तर मुरलेल्या लॉनला दोन-तीन आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर, साडेपाचशे लिटर, पुरतं. एप्रिल-मे-जूनच्या अकरा आठवड्यांत हा फरक दहा हजार लिटरच्या दीड टँकरच्या घरात जातो. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा डब्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं आणि अख्खं शहर त्याची वाट पाहत होतं. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानाच्या गवताला लागणारं पाणी हाच त्या वादाचा मुद्दा होता.

‘रोज थोडं थोडं शिंपडलं की झालं,’ हा माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा समज. वरची दोन बोटं माती भिजते आणि दुपारपर्यंत वाळते. मुळं वरच्या वरच घुटमळतात, मग एक दिवस पाणी चुकलं तरी गवत माना टाकतं. खोल पाणी दिलं की मुळं त्यामागे दोन-दोन फूट खाली जातात. शिवाय आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा क्षाराचं. रोजच्या शिंपडण्याने ते क्षार वरच साचतात आणि मातीवर पांढरी साय धरते. काळ्या मातीत मात्र एकदम पाणी सोडलं तर ते रस्त्यावर वाहून जातं. दहा मिनिटं द्या, अर्धा तास मुरू द्या, पुन्हा द्या. स्प्रिंकलर असेल तर श्रीखंडाचे रिकामे डबे लॉनवर ठेवून पट्टीने पाणी मोजा, आणि नंतर लांब पेचकस मातीत खुपसून बघा. वीतभर सहज गेला तर पाणी पोचलं.

‘दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे तापून पानं जळतात,’ असंही सर्रास ऐकू येतं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१०मध्ये हे तपासलं, तेव्हा गुळगुळीत पानांवर तसं होत नाही असं दिसलं. दुपारचं पाणी टाळायचं ते वेगळ्या कारणासाठी: उन्हावाऱ्याने बरंचसं उडून जातं. पहाटेची वेळ उत्तम. रात्री पानं ओली राहिली की बुरशीला फावतं.

उन्हाळ्यात लॉन बारीक कापली की पाणी कमी लागतं, हेही खरं नाही. खुरटी कापली की मुळंही खुरटतात आणि उघडी पडलेली माती तापते. दोन इंच उंची ठेवा, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, कातरण तिथेच पडू द्या. पिवळ्या लॉनला युरिया तर देऊच नका. पाणी नसताना नवी पालवी जबरदस्तीने काढायला लावण्यासारखं आहे ते. खत पाऊस सुरू झाल्यावर.

लिंबाखाली हरळी येत नाही ती पाणी कमी पडतं म्हणून नव्हे, तिला ऊन मिळत नाही म्हणून. तिथे कितीही नळी धरा, उपयोग नाही. आणि या सगळ्या कटकटीतून सुटका म्हणून प्लास्टिकचं गवत अंथरणाऱ्यांनी मे महिन्यात भर दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहावा. पाय ठेववत नाही, आणि शेजारच्या भिंतीही तापतात.

नवी लॉन लावायची असेल तर उन्हाळ्यात मुळीच लावू नका, जून-जुलैत लावा, आणि मुलं खेळतात, माणसं बसतात तेवढ्याच जागेत लावा. आहे ती लॉन या मे महिन्यात पिवळी पडू द्या. केवळ तिच्यासाठी टँकर मागवू नका. एक-दोन चांगले पाऊस झाले की आठ-पंधरा दिवसांत ती हिरवी होते.