जुन्या गाडीला इंजिन कोणते?

जुनी गाडी उभी करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न इंजिनाचा. अमेरिकेत १९४७ साली निघालेल्या शेवरोले ३१०० या पिकअपचेच उदाहरण घेऊ. तिचे मूळ इंजिन २१६ घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे. त्याच्या कनेक्टिंग रॉडांच्या बेअरिंगांत बॅबिट हा मऊ धातू ओतलेला असून त्यांना तेल मिळते ते शिंतोड्यांनी व फवाऱ्याने. बेताने चालवा, ते निमूट राबेल. दामटाल तर बेअरिंग जळेल, आणि बॅबिट ओतणारे कसबी हात आता विरळ झाले आहेत.

याच गाडीत १९५४ साली आलेल्या २३५ घनइंचांच्या इंजिनात बेअरिंगांना तेल दाबाने पोहोचते. थोड्या फेरफाराने ते जुन्या जागी बसते. पुष्कळांना मोह पडतो ३५० च्या व्ही-आठचा. पण तो जोर पेलण्यासाठी ब्रेक, मागचा आस, नळीत बंद असलेला प्रॉपेलर शाफ्ट, सारेच बदलावे लागते.

१९३७ च्या फेब्रुवारीत फ्लिंटच्या संपकऱ्यांनी शेवरोलेचा इंजिन-कारखानाच ताब्यात घेतला. एक विभाग अडला की सारे अडते, हे त्यांना ठाऊक होते. गाडीचेही तसेच आहे.

म्हणून प्रदर्शनासाठी २१६, रोजच्या वापरासाठी २३५. व्ही-आठ घ्यायचेच असेल, तर पहिला पैसा ब्रेकवर खर्च करावा.