वटवाघळावरची माशी आणि आपल्या घरातली खाज

बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांवर जाऊन आलेली एक भगिनी पंधरा दिवसांनी मुलाला घेऊन आमच्याकडे आली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ. "ताई, लेण्यात वटवाघळं होती. त्यांचेच किडे पोराच्या अंगावर पडले," ती म्हणाली. तोवर रॉकेल लावून झाले होते, आणि खाजवून खाजवून जखमांत पू धरला होता.

वटवाघळांच्या अंगावर किडे असतात, ही गोष्ट खरी आहे. त्यातली एक चक्क माशी आहे, पण आपल्याकडे दिसणाऱ्या अशा बऱ्याच माश्यांना पंखच नसतात. लांब पायांमुळे ती कोळ्यासारखी दिसते. आकार दोन ते पाच मिलिमीटर. ती वटवाघळाच्या केसांत राहते आणि त्याचेच रक्त पिते. ती अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, पोटातल्या दुधासारख्या रसावर पोसते, आणि पूर्ण वाढल्यावर वटवाघळावरून उतरून गुहेच्या भिंतीवर चिकटवते. अळीचा लगेच कडक कोष होतो. काही आठवड्यांनी त्यातून निघालेल्या माशीला पटकन वटवाघूळ सापडले नाही, तर ती उपाशी मरते. जगभरात अशा माश्यांच्या पाचशेच्या आसपास जाती आहेत.

दुसरा किडा माशीपेक्षाही बारीक, आठ पायांचा, कोळी-गोचिडाच्या कुळातला. तो पंखाच्या पातळ कातडीला नख्यांनी धरून राहतो. वटवाघळे एकमेकांना चिकटून लटकतात, तेव्हा एकाकडून दुसऱ्याकडे जातो; आईकडून पिल्लाकडेही. हे दोन्ही किडे वटवाघळावरच जगायला घडलेले आहेत. वटवाघूळ हातात धरणाऱ्या संशोधकाला माशी क्वचित चावते, पण माणसाच्या अंगावर तिचा संसार होत नाही. लेण्यांत फिरून आल्याने ती घरी येत नाही.

मग त्या मुलाला काय झाले होते? खरूज. तिचा किडाही आठ पायांचाच, पण माणसाचा. तो कातडीत बोगदा करून अंडी घालतो, आणि एका अंथरुणात झोपल्याने, बराच वेळ अंगाला अंग लागल्याने पसरतो. पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे किडा लेण्यांवर जाण्याआधीच घरात होता. विचारल्यावर कळले, बाप आणि बहीणही रात्री खाजवत होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपली, तर हे व्हायचेच. त्यात लाज कसली?

सरकारी दवाखान्यात दाखवा. बहुधा परमेथ्रिनचे मलम देतात. रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी अंघोळ करायची, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण आठवड्याने, पुन्हा लावायचे. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसलेल्यांनीही. इथेच बहुतेक घरे चुकतात. तान्हे बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी विचारा. कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. किडा मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते, म्हणून रोज मलम लावू नका. जखमेत पू झाला तर थांबू नका, त्याचा त्रास मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. रॉकेल तर कधीच नको.

वटवाघळापासून जपायचे ते वेगळ्या कारणाने. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. याचा अर्थ आपल्याकडे साथ आली असा नाही. पण वटवाघळाने उष्टावलेला पेरू, चिकू मुलांच्या हाती देऊ नये. खोलीत पाकोळी शिरली तर दिवा बंद करून दार-खिडकी उघडी ठेवा, ती जाते. पडलेली दिसली तर उघड्या हाताने उचलू नका. चावली किंवा ओरखडले तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लस लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. लेण्यांत श्रमदानाला जाल तेव्हा वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, तिच्या धुळीतली बुरशी छातीत जाऊ शकते. तोंडाला रुमाल बांधा, आधी पाणी शिंपडा. धूर करून वटवाघळे हाकलू मात्र नका. पाकोळ्या रात्रभर डास-किडेच खात असतात.

त्या मुलाच्या घरी आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला आजीने मलम लावलेच नव्हते, "मला कुठं खाज आहे?" म्हणत. त्या रात्री नातवानेच तिला लावून दिले.