इंजिनिअरिंग प्रवेशासाठी खासगी समुपदेशकाला पैसे द्यावेत का?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घरोघरी फोन खणखणू लागतात. ‘पर्सेंटाइल सांगा, कॉलेजांची यादी आम्ही काढून देतो.’ यासाठी काही हजार रुपये मागितले जातात. पोराचं वर्ष वाया जायला नको या धास्तीने अनेक पालक ते देऊनही टाकतात.

मुळात हे पैसे कशाचे? महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या बहुतांश जागा राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून भरल्या जातात. गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि विद्यार्थ्याने भरलेले पसंतीक्रम यांवरून संगणक जागा वाटतो. यात समुपदेशकाला हात घालायला जागाच नाही. तो विकतो ती फक्त यादी, आणि यादीचा कच्चा माल म्हणजे आधीच्या वर्षांचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

ते वाचायला मात्र शिकावं लागतं. ‘जीओपनएच’ असा रकाना दिसला की सामान्य माणूस गांगरतो. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वांसाठीची जागा, ‘एल’ असेल तर मुलींची. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचा ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले विद्यार्थी, ‘ओ’ म्हणजे बाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यपातळी. पुण्यातल्या कॉलेजचा कटऑफ नांदेडच्या मुलाने ‘एच’च्या रकान्यात पाहिला तर सगळा अंदाजच चुकतो. शिवाय परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे पर्सेंटाइलसोबत गुणवत्ता क्रमांकही ताडून पाहिलेला बरा.

खरी गडबड होते ती पसंतीक्रमात. ‘वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याच्या यादीतली उपलब्ध असलेली सर्वांत वरची जागा त्याला देतो. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही.

उलट धोका वेगळाच आहे. 2025-26 मध्ये कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली, तर ती जागा घेणं बंधनकारक होतं. म्हणजे समुपदेशकाने ‘सेफ’ म्हणून दुसऱ्या क्रमांकावर टाकलेलं नावडतं कॉलेज दुसऱ्या फेरीत गळ्यात पडू शकतं. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचण्याला पर्याय नाही. यादी कोणीही करो, तिचे वरचे सहा पर्याय घरच्यांनी आणि मुलाने मिळूनच ठरवावेत.

मग मदत घ्यावी कधी? घरात पहिल्यांदाच कोणी इंजिनिअरिंगला जात असेल, किंवा जेईईची ‘जोसा’ प्रक्रिया, कॅप आणि खासगी विद्यापीठं यांच्या तारखा एकमेकींवर येत असतील, तर जाणकाराचे दोन तास उपयोगी पडतात. मात्र आधी त्याची परीक्षा घ्यावी. शिक्षण शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांसाठी वेगळा पर्याय क्रमांक भरावा लागतो, हे तो स्वतःहून सांगतो का? जात वैधता किंवा नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची चौकशी तो आधी करतो, की थेट कॉलेजांची नावं घेतो? कागद वेळेत नसतील तर प्रवर्गाचा लाभ जातो आणि मग उत्तम यादीही कामाची राहत नाही.

‘सीट पक्की करून देतो’ असं कोणी म्हणालं, तर ती बहुधा संस्थापातळीवरची किंवा खासगी विद्यापीठातली जागा असते. तिथे समुपदेशकाला कॉलेजकडूनही मोबदला मिळतो का, हे तोंडावर विचारायला संकोच नको. पोर्टलचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी तर कुणालाच देऊ नये. पैसे घेतलेल्या माणसालाही नाही. अर्ज भरताना अडलं तर त्यासाठी सुविधा केंद्रं आहेत. तिथे गर्दी होते, पण अर्जाची शेवटची तारीख येण्याआधी चार दिवस गेलं तर बरीचशी कामं शांतपणे होतात.