पेरणीची वार्ता आणि गावाची चावडी

पेरणी करावी की थांबावी, हा प्रश्न शेतकरी प्रथम कोणास विचारतो? कृषी कचेरीस नव्हे, हे आपण विस्तार कार्यकर्त्यांनी मोकळेपणाने मान्य करावयास हवे. तो शेजारच्या जाणत्या शेतकऱ्यास विचारतो, बाजाराच्या दिवशी बियाण्याच्या दुकानी विचारतो, आणि हल्ली मोबाईलवर आलेला मजकूर वाचतो. यांपैकी कोणतेही साधन टाकाऊ नाही. परंतु वार्ता कानी पडणे वेगळे, आणि ती आपल्या शेतास लागू आहे किंवा नाही हे ठरविणे वेगळे.

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी, दोन दिवसांत मुसळधार पाऊस येणार, असा मजकूर पारावर वाचला गेला. एका सरीवर कित्येकांनी सोयाबीन पेरले. मजकूर मागील वर्षाचा व परजिल्ह्याचा होता, हे नंतर उमगले. पावसाने ओढ दिली, उगवण करपली आणि बियाण्याच्या पिशव्या दुसऱ्यांदा विकत आणाव्या लागल्या. मजकुरावरील तारीख कोणीच पाहिली नव्हती. मीही त्या आठवड्यात त्या गावी फिरकलो नव्हतो.

या बाबतीत १९५६ साली पुणे आकाशवाणीवर युनेस्कोच्या साहाय्याने झालेला प्रयोग स्मरणात ठेवण्याजोगा आहे. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. सुमारे वीस ग्रामस्थ आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, लागलीच त्यावर चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. गावात रेडिओ असूनही जेथे मंडळ नव्हते, त्या गावांपेक्षा मंडळाच्या गावांतील लोकांच्या ज्ञानात पुष्कळच अधिक भर पडल्याचे त्यांना आढळले. यंत्र दोन्हीकडे होते. फरक बैठकीचा होता.

अशी बैठक आजही चावडीवर भरविता येते. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो त्याच सायंकाळी तारीख व जिल्हा सांगून वाचावा. सल्ला जिल्ह्याचा असतो, पाऊस मात्र शिवाराचा. एका शिवारात ओढा वाहतो आणि पलीकडे धूळ उडते, हे कोणास ठाऊक नाही? म्हणून सपाट बुडाचे व सरळ उभ्या कडांचे भांडे झाडाझुडपांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी, आकडा फळ्यावर लिहावा आणि भांडे रिकामे करावे. खरिपाच्या कोरडवाहू पेरणीसाठी साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झालेली असावी.

पेरणी-खुरपणीचे पुष्कळसे काम स्त्रिया करतात. त्या पारावर क्वचितच येतात. सबब हाच सल्ला बचत गटाच्या बैठकीतही वाचावा. ज्या शंकेचे उत्तर बैठकीत मिळणार नाही, ती १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मराठीतून विचारता येते. त्यास शुल्क पडत नाही. मिळालेले उत्तर पावसाच्या आकड्याखाली त्याच फळ्यावर लिहावे.