नौकेवरील धरपट्टी : घडण आणि बसवणूक

शिडाच्या सफरी नौकेवर केबिनच्या छताच्या दोन्ही कडांना एकेक लांब लाकडी पट्टी बसविलेली असते. तिला 'कठडा' हा शब्द पुरता लागू पडत नाही. कठड्यास उभे खांब असतात व तो माणसाला अडवितो; ही पट्टी अडवीत नाही, ती धरावयाची असते. इंग्रजी बोलणारे नौकासुतारही जिन्याच्या 'हँडरेल'पासून वेगळी काढून तिला बहुधा 'ग्रॅब रेल' म्हणतात. प्रस्तुत विवेचनात 'धरपट्टी' हा शब्द योजिला आहे.

नौका एका अंगावर कललेली असता पुढील शीड उतरविण्यास जाणाऱ्या खलाशाचा सारा भार, आणि तोही हिसक्याने, या पट्टीवर येतो. ती उपटली तर तो समुद्रात जातो. म्हणून तिच्या घडणीचा विचार शोभेच्या नव्हे, भाराच्या अंगाने करावयास हवा.

लाकूड बहुधा सागाचे. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकते. मात्र त्याच तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून घेतात. घडणीची एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. दुप्पट रुंदीची फळी घेऊन तिच्या मध्यरेषेवर मोठी गोल भोके पाडावयाची, दोन-दोन भोकांमधील लाकूड करवतीने काढावयाचे, आणि मग त्याच मध्यरेषेवर फळी उभी चिरावयाची. डाव्या व उजव्या बाजूच्या दोन तंतोतंत जुळणाऱ्या पट्ट्या एकदमच हाती येतात. राहिलेले भरीव भाग हे पट्टीचे पाय, आणि मोकळ्या जागा मुठीसाठी. हातमोजा घातलेली मूठ तीत सहज शिरली पाहिजे. वरच्या कडा रंध्याने व पॉलिश कागदाने गोल करतात. पायांच्या तळाच्या कडा मात्र तशाच ठेवतात, नाहीतर तेथे पाणी साचण्यास खाच मिळते.

छत सपाट नसते. ते आडवे बाकदार असते व बाजूंची रेषाही वळत जाते. पट्टी जागच्या जागी वाकवून बसविता येते, पण प्रत्येक पायाचा तळ छताच्या उतारानुसार निराळ्या कोनात तासावा लागतो. हे काम कंटाळवाणे खरे. तथापि ते टाळून फट लुकणाने भरणारा सुतार पुढील गळतीची सोय करून ठेवतो.

खरा धोका भोकांत असतो. फायबरग्लासच्या पुष्कळ नौकांत छताच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असते. बोल्टच्या भोकातून झिरपलेले पाणी तेथे पोहोचले की गाभा कुजू लागतो, आणि वरून काहीच दिसत नाही. यावर उपाय असा : भोक आधी मोठे पाडावे, कडेचा गाभा कोरून काढावा, ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावी, व ती कठीण झाल्यावर तीतून योग्य मापाचे भोक पाडावे. मग पाणी आले तरी ते गाभ्यास लागत नाही.

नुसत्या स्क्रूंवर विसंबणे योग्य नव्हे. बोल्ट छतातून आरपार जावा व आत रुंद पट्टीवर किंवा मोठ्या वायसरवर त्याचा नट बसावा. काही नौकांत आतल्या बाजूसही धरपट्टी असते व तेच बोल्ट दोहोंना जखडतात. भोकाच्या तोंडाशी थोडा उतार दिल्यास पॉलिसल्फाइडच्या लुकणाचे कडे बोल्टभोवती बनते. आवळताना बोल्ट स्थिर धरून नटच फिरवावा. बोल्ट फिरला की ते कडे तुटते. पोलादी बोल्ट, 'न गंजणारा' म्हणविला जात असला तरी, ओल्या व हवाबंद भोकात गंजतो. छताखाली तांबूस ओघळ दिसला तर बोल्ट काढून पाहणे अगत्याचे.

बोल्टांची डोकी झाकण्यास त्याच लाकडाची बुचे वापरतात. त्यांचे तंतू पट्टीच्या तंतूंना समांतर ठेवावेत, आणि ती इपॉक्सीने न चिकटविता व्हार्निशमध्ये बुडवून ठोकावीत. आणखी काही वर्षांनी ती काढावी लागणारच असतात.