याहूच्या चौकटीतलं मालवण

याहू हे जगातलं पहिलं सर्च इंजिन, असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. ते पहिलं तर नव्हतंच, पण सुरुवातीला सर्च इंजिनही नव्हतं. १९९४ साली स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ती डिरेक्टरी होती. माणसं संकेतस्थळ पाहत, त्याचं छोटं वर्णन लिहीत आणि ते एखाद्या वर्गात बसवत. त्याआधी, १९९० मध्ये, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज यांनी ‘आर्ची’ तयार केलं होतं. तेही फक्त फाइलींची नावं शोधायचं. पानांमधला मजकूर वाचून शब्दांची सूची करणारी यंत्रं नंतरची: वेबक्रॉलर १९९४चं, अल्टाव्हिस्टा डिसेंबर १९९५चं. डिरेक्टरी ही पुस्तकाची अनुक्रमणिका म्हटली, तर सर्च इंजिन ही शेवटच्या पानांवरची शब्दसूची.

शब्द टाइप करायची चौकट दोन्हीकडे होती, मग वापरणाऱ्याला काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. घोटाळा त्या चौकटीनेच केला. ‘मालवण’ टाइप केल्यावर याहू आधी स्वतःच्या यादीतली नावं आणि वर्णनं चाळायचं. सिंधुदुर्ग किल्ल्यावरचं पान संपादकाने ‘महाराष्ट्र, पर्यटन’ एवढ्यावर नोंदवलं असेल, तर यादीत असूनही ते हाती लागायचं नाही. अल्टाव्हिस्टा मजकुरातला शब्द पकडायचं, पण अक्षरशः. इंग्रजीत मालवण कुणी ‘व्ही’ने लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’ने; सावंतवाडीचंही तेच. एका स्पेलिंगने शोधणाऱ्याला दुसऱ्या स्पेलिंगची पानं दिसत नसत. शिवाय यंत्र त्या क्षणी इंटरनेट पालथं घालतं, ही समजूतही चुकीची. ते आधी गोळा करून ठेवलेली सूची पाहतं; आजही तसंच आहे. माणसांनी निवडलेली यादी दर्जेदार होती, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. अल्टाव्हिस्टा हजारो पानं पुढ्यात ओतायचं. त्यातलं आधी वाचावं असं कोणतं, हे ठरवायला दुव्यांचा आधार घेऊन गूगल १९९८ मध्ये उतरलं.

गूगलआधी भारताचं स्वतःचं काहीच नव्हतं, हेही खरं नाही. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केलं होतं. ‘खोज’ ही भारतीय संकेतस्थळांची डिरेक्टरी त्यांचीच. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सगळा संसार ४९९ कोटी रुपयांना घेतल्याची बातमी गाजली.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे, शोधून सापडलं नाही म्हणजे ते नेटवर नव्हतंच. त्या काळी मराठी पानं थोडीच होती, हे कबूल. पण होती तीही यंत्राला वाचता येत नव्हती. मराठी संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरत. त्यांत देवनागरी अक्षर रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असे. वाचकाला ‘वेंगुर्ले’ दिसे, तर यंत्राला इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण विंडोजमध्ये तिचा आधार २०००च्या आवृत्तीपासून मिळू लागला आणि वापर रुळायला आणखी काही वर्षं गेली. तेव्हाची जी पानं पुढे युनिकोडमध्ये बदललीच गेली नाहीत, ती जिथे कुठे उरली असतील तिथे मराठीत शोधणाऱ्याला अजूनही सापडणार नाहीत.