ओढणे सोपे, थांबणे अवघड

दिवाळी सरते, थंडीची चाहूल लागते आणि नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांचा चेहरामोहरा बदलतो. (2024 पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून नगरच येते.) राहुरी, कोल्हार, राहाता, कोपरगाव अशा नगर-मनमाड रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या डुलत डुलत चाललेल्या दिसतात. पुढे एक ट्रॅक्टर, मागे एक ट्रॉली, तिच्या मागे आणखी एक. शाळेतून घरी निघालेली पोरे मागून पळत जाऊन मोळीतला ऊस ओढतात. आपणही लहानपणी ते केलेले असते, म्हणून त्यांना रागवायला जीभ रेटत नाही.

या ट्रॉलीकडे आपण सगळे ओळखीच्या नजरेने बघतो, आणि ओळखीच्या वस्तूची भीती वाटत नाही. म्हणूनच आज तिच्याविषयी लिहायचे ठरवले. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांची मुले रात्री मोटारसायकलवरून घरी येतात त्यांच्यासाठीही.

आपल्या भागात ऊस जुना. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होता. पुढे 1950 मध्ये लोणीजवळ पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याचे बॉयलर पेटले, आणि पाहता पाहता जिल्हाभर चिमण्या उभ्या राहिल्या. तेव्हा ऊस वाहायला बैलगाडी होती. लाकडी चाके गेली, रबरी टायर आले. मग ट्रॅक्टर आला. बैलाचे एक बरे होते. ओझे जास्त झाले की तो जागचा हलत नसे. ट्रॅक्टर असा नकार देत नाही, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. उशीर झाला की वजन घटते आणि साखरही घटते. म्हणून वाहतूक रात्रंदिवस. वाहतुकीचे पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. एका खेपेत जितके जास्त टन तितका डिझेलचा हिशेब सोपा, बँकेचा हप्ता हलका. ट्रॉल्या का इतक्या भरतात याचे उत्तर चालकाच्या बेफिकिरीत शोधण्याआधी या हिशेबात शोधावे, असे मला वाटते.

मागच्या वर्षी माझा पुतण्या ट्रॉली घ्यायला निघाला. मी आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेला, म्हणून मलाही बरोबर नेले. वेल्डिंगच्या दुकानापुढे नव्या, रंगाचा वास मारणाऱ्या ट्रॉल्या उभ्या होत्या. पुतण्याचा पहिला प्रश्न: "मिस्त्री, किती टन बसतील?"

मिस्त्री म्हणाले, "तुम्ही भराल तेवढे. चॅनेल जाड वापरलंय."

मी विचारले, "आणि थांबायची कशी?"

मिस्त्री हसले. "मास्तर, ट्रॅक्टर थांबला की ट्रॉली थांबतेच की!"

हा समज फार पसरलेला आहे, म्हणून जरा थांबून विचार करू. शेतीचा साधा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. त्याच्यामागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, आणि बहुसंख्य ट्रॉल्यांना तो नसतो, तर हे सगळे वजन रोखायचे काम त्या दोन टनांच्या गड्यावर. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. इंजिनाला गिअर आहेत, म्हणून ओढण्याची ताकद वाढवता येते. ब्रेकला गिअर नसतात.

दुसरा प्रश्न, वजन बसते कुठे? अमेरिकेत शेतकरी ट्रॅक्टर एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा तर तो चालवत नेत नाहीत. पिकअप गाडीमागच्या ट्रेलरवर चढवून नेतात. त्यातल्या एका प्रकारच्या ट्रेलरची पुढची दांडी बदकाच्या मानेसारखी वर जाऊन खाली वाकलेली असते आणि पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसते. कित्येकांचा तळ मागे कलतो, म्हणजे ट्रॅक्टर फळ्या न लावता वर चढतो. त्या वाकड्या मानेचे कारण एवढेच, की ओझे मागच्या आसाच्या पाठीमागे लटकू नये.

आपली दोन चाकांची ट्रॉली नेमकी तिथेच लटकते. तिच्या ओझ्याचा काही भाग हुकावर येतो आणि हूक असतो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या मागे. पुढच्या बाजूला जास्त माल भरला की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, स्टिअरिंग फिरवले तरी चाके ऐकत नाहीत. मागे जास्त भरला तर हूक वर उचलला जातो आणि मोठी चाके जागेवर फिरू लागतात. म्हणून माल आसाच्या आजूबाजूला, किंचित पुढे भार येईल असा भरावा. चार चाकांची ट्रॉली आपले ओझे आपणच पेलते, पण ब्रेक नसेल तर उतारावर तीच मागून ढकलते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडायची. वरच्या जोडाला बांधून ओढले की ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि चालकावर उलटा पडू शकतो.

शेणखत, माती, मुरूम यासाठी हायड्रॉलिकने उचलणारी ट्रॉली सोयीची. मात्र ती उचलताना जमीन सपाट हवी. एक चाक खळग्यात असेल तर उचललेला हौदा आडवा होतो. आधी फाळका उघडावा. वर विजेच्या तारा आहेत का ते बघावे. आणि हौदा वर असताना लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली कुणी वाकू नये. तेलाची एक नळी फुटली तर बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

हे सगळे पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, तुमचं पटतंय. पण दोन ट्रॉल्या असल्या तर हप्ता दोन हंगामांत फिटतो."

त्याचेही खोटे नव्हते. घरी दोन दिवस वहीवर आकडे मांडले. शेवटी त्याने एकच चार चाकांची ट्रॉली घेतली, ब्रेक बसवून. टायर जुने, वरून रबर चढवलेले न घेता नवे घेतले. हुकाच्या पिनेला निसटू न देणारी क्लिप आणि जोडीला साखळी. ट्रॉलीची वेगळी नोंदणी केली, विम्यात तिचा उल्लेख करून घेतला. हप्ता एक हंगाम लांबला. सुनबाई म्हणाली, "लांबू द्या, रात्री झोप तरी लागेल."

चालवताना पाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, कारण शेतात वळायला ते लागतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीने जोडून घ्यावेत. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. इमामपूरचा घाट असो की पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट, उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आहेत. वाचते ते चमचाभर. टेपचा आवाज एवढा ठेवावा की मागच्याचा हॉर्न ऐकू येईल.

आता रात्रीचे. आमच्याच भागातला, माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा काही वर्षांपूर्वी रात्री कामावरून परतत होता. रस्त्यात ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नव्हता, रेडियम नव्हते. उसाचा रंग अंधाराचाच. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात त्याला ती दिसलीच नाही. हिशेब सोपा आहे. ताशी 60 किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. उभी ट्रॉली 50 मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद उरतात. वीस मीटरवर दिसली तर सव्वा सेकंद. त्या मुलाला तेवढाही मिळाला नाही.

सावकाश चालणारे वाहन दुरून ओळखू यावे म्हणून अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात 1960च्या दशकाच्या सुरुवातीला एक त्रिकोणी फलक तयार झाला. मध्ये नारिंगी, कडेला चकाकणारी लाल पट्टी. पुढे तो अनेक देशांत शेतीच्या वाहनांवर दिसू लागला. आपल्याकडे लाल रेडियमची पट्टी आणि मागे दोन दिवे, एवढे झाले तरी पुष्कळ. पट्टी फाळक्यावर चिकटवतात आणि वाढे तिच्यावरच लोंबतात, तेव्हा ती कडेला, उघडी राहील अशी लावावी, धूळ रोज पुसावी. गाडी बंद पडली तर चाकाला लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाकावा; तो रस्त्यात राहिला तर मागच्या दुचाकीचा काळ ठरतो.

आणि एक आपल्या सर्वांसाठी. लग्नाचे वऱ्हाड असो, मढीची यात्रा असो की मोहटादेवीचे दर्शन, ट्रॉलीत सतरंजी अंथरून घरच्या बायका-मुलांना बसवणे आपल्याला अजून वावगे वाटत नाही. ट्रॉली मालासाठी आहे. तिला धरायला दांडा नाही, ती उलटली तर आधार नाही, आणि विमा कंपनीही हात वर करते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीने या जिल्ह्याला खूप दिले आहे. तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही. नवी ट्रॉली दारात आली की आपण हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. ते जरूर करावे. फक्त त्या पूजेच्या ताटात रेडियमची एक गुंडाळी ठेवावी, आणि घरातल्या लहान मुलाच्या हातून ती मागच्या बाजूला चिकटवून घ्यावी. मोठा झाल्यावर रात्री त्या रस्त्याने तोच जाणार आहे.